धावपट्टीचं विरजण

चांदोबाच्या माळावरच्या धावपट्टीवर विमान कधी उतरलंच नव्हतं. टिटव्या उतरत, म्हशी चरत चरत येऊन बसत, एकदा खालच्या खोऱ्यातल्या एका हौशी नवरदेवाने फोटोसाठी तिच्यावर घोडा पळवला होता. पण ज्याच्यासाठी एवढा डोंगरमाथा सपाट केला, ते विमान काही तिकडे फिरकलं नव्हतं. वायुसेनेच्या भाषेत अशा जागेला राखीव तळ म्हणतात. मोठे तळ शत्रूला ठाऊक असतात आणि लढाई लागली की पहिले बाँब तिथेच पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून असे आडबाजूचे तळ बांधून ठेवायचे. तिथे विमान ठेवायचं नाही, फौज ठेवायची नाही, गरज पडेल तेव्हा वापरायचे. गरज कधी पडेल ते कोणी सांगत नाही, पण ती आज दुपारी पडली तरी पट्टी तयार हवी.

आणि इथेच घोडं पेंड खायचं. काँक्रीट ही दिसते तेवढी दणकट चीज नाही. ते उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, त्याला तडे जातात, तड्यात पाणी शिरतं, पाण्यामागून गवत येतं आणि दोन-चार पावसाळ्यांत पट्टीचं कुरण होतं. विमानाचं इंजिन मोडायला सुपारीएवढा खडा पुरतो. अशा साऱ्या ओसाड पट्ट्यांवर बारा महिने गवंडी बसवून ठेवणं कोणत्याच सरकारला झेपणारं नव्हतं. तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. नचिकेत देवस्थळींनी असे गवंडी शोधून काढले की ज्यांना ना पगार लागतो ना रजा. ते गवंडी म्हणजे जंतू.

चुनखडी बनवणारे जंतू जमिनीत पूर्वीपासून आहेत. ओल मिळाली, खायला मिळालं की ते कॅल्शियम आणि कार्बन यांची गाठ घालून देतात, आणि ते जिथे असतील तिथे पांढरा दगड साठत जातो. तड्यात असले तर तडा बुजतो. अडचण एवढीच होती की त्यांना कॅल्शियम बाहेरून आणून घालावं लागे. देवस्थळींनी त्यांच्या जनुकांत फेरफार करून त्यांना सह्याद्रीच्या काळ्या दगडातूनच ते ओढून घ्यायला शिकवलं. काळ्या दगडात कॅल्शियम भरपूर असतं, आणि पट्टीतली खडीही त्याच दगडाची होती. आता त्यांना वरून लागायचं ते फक्त गोड. पाण्यात कालवलेली काकवी पट्टीवर सोडली की जंतू जागे होत, तडे सांधत आणि गोड संपलं की झोपी जात. हाच त्यांचा लगाम. "माळावर काकवीची नदी थोडीच वाहते?" असं देवस्थळी साहेबलोकांपुढे म्हणाले होते आणि सगळे मनमोकळे हसले होते.

माळावर काकवी वाहत नव्हती हे खरंच. पण माळाखालच्या खोऱ्यात उसाशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं, आणि ज्याच्या त्याच्या शेतात गुऱ्हाळ होतं, हे त्या खोलीत कोणाला आठवलं नाही.

रेश्मा खोत ही त्या पट्टीची राखणदार. सैन्यात चार वर्षं काढून परत आलेली, लग्नाच्या फंदात न पडलेली, माळाच्या कडेच्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये एकटी राहणारी. गाव खालचंच, उंबरखोरे. आईबाप तिच्या लहानपणीच गेले आणि थोरल्या भावाने, संग्रामने, तिला वाढवलं. सैन्यभरतीची तयारी करायला तो तिला रोज या माळावर आणायचा. ती धावायची आणि हा सायकलवरून मागून ओरडायचा, "अजून एक फेरी! गुळाचा खडा देतो!" गुळाचा खडा खरोखरच त्याच्या खिशात असायचा, घामाने चिकट झालेला. पुढे त्याच माळावर पट्टी झाली आणि तीच राखायचं काम रेश्माला मिळालं, तेव्हा गावाला चेष्टेला विषय झाला. येत नाही त्या विमानाला ही रोज हात करते म्हणे! संग्राम मात्र पाव्हण्यारावळ्यांना माळाकडे बोट दाखवून सांगायचा, "ते वर दिसतंय न्हवं, ते आमच्या रेश्मीचं."

क्वार्टरशेजारच्या शेडमध्ये स्टीलची मोठी टाकी होती आणि तिच्यात जंतूंचं दाट, शिळ्या ताकाच्या वासाचं पाणी. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. रेश्मा त्याला विरजण म्हणायची. पट्टीवर फवारताना टाकी पुरती रिकामी करायची नाही, तळाला थोडं राखायचं, त्यात पाणी आणि काकवी घालायची, की दोन-तीन दिवसांत टाकी पुन्हा काठोकाठ. दह्यासारखाच सगळा कारभार. पुढे पुढे देवस्थळीही फोनवर विचारायला लागले, "रेश्माताई, विरजण कसं आहे?"

भाऊबीजेला रेश्मा खाली गेली तेव्हा संग्राम गुऱ्हाळावरच्या हौदात उतरून बसला होता. अंगभर सिमेंट. हौद त्यांच्या वडिलांनी, आबांनी बांधलेला. हंगाम तोंडावर आला होता आणि हौद जागोजागी उलला होता. ओवाळून झाल्यावरही त्याचं लक्ष ताटाकडे नव्हतं.

"दादा, किती सिमेंट भरवशील त्याच्या पोटात?" रेश्मा म्हणाली.

"मग काय करू? विहिरीतनं उपसायचं आन् निम्मं मातीत जायचं. आबांनी बांधलाय, पाडवत बी न्हाई."

"मी वरनं विरजण आणतो. आठवड्यात बघ कसा हुतोय."

"सरकारी हाय न्हवं ते?"

"रोज टाकी उतू जात्या. सांडतंय ते आणतो." मग म्हणाली, "तू मला पळायला शिकवलास. माझ्याकडं दुसरं काय हाय द्यायला?"

संग्रामने तिच्या ताटात अजून एक करंजी टाकली, आणि त्या घरात याचा अर्थ हो असा होता.

दुसऱ्याच दिवशी रेश्माने दुधाची किटली भरून आणली. हौदाच्या तड्यांत ते पाणी सोडलं, वर काकवी शिंपडली. आठवड्याने तड्यांच्या जागी पांढऱ्या रेघा होत्या, जखमेवर खपली धरते तशा, आणि हौदातून थेंब गळत नव्हता. संग्रामची बायको पूनम त्या रेघांवरून बोट फिरवत म्हणाली, "वन्सं, सोन्यासारखं काम केलंसा." किटलीच्या तळाला थोडं उरलं होतं. ते तिने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढून ठेवलं, चमचाभर काकवी घालून. विरजण उरलं तर ते फेकतं कोण?

खोऱ्यातली रीत अशी की शेजारीण विरजण मागायला आली तर तिला रिकाम्या वाटीने परत पाठवायचं नाही. फक्त दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, घरची लक्ष्मी जाते म्हणतात. सकाळी या म्हणायचं. संग्रामचा हौद बघून बायका वाट्या घेऊन यायला लागल्या. कोणाची टाकी गळत होती, कोणाचा शेणखताचा हौद, कोणाच्या विहिरीचं बांधकाम सुटलं होतं. पूनमने रीत काटेकोर पाळली. संध्याकाळी कोणालाच दिलं नाही. सकाळी सगळ्यांना दिलं. आणि त्या सगळ्यांनी पुढे आपापल्या माहेरी, नणंदेकडे, विहिणीकडे दिलं. रेश्माला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि पूनमला यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. विरजण दिल्याचं कोणी सांगत बसतं का?

आणि खोऱ्यात खायला तोटा नव्हता. रस उकळताना वर येणारी मळी, काहिली धुतलेलं पाणी, चिपाडांतून ठिबकणारा रस, सगळं वाफ्यातून जमिनीत जिरत होतं. देवस्थळींच्या जंतूंना इतकं गोड कोणी आयुष्यात वाढलं नव्हतं.

पुढच्या भाऊबीजेला ओवाळून होताच संग्राम म्हणाला, "जरा विहिरीवर चल."

आबांनी स्वतः सुरुंग लावून खणलेली ती विहीर. पाऊस चांगला होऊनही पाणी तळाला गेलं होतं. दोघं पायऱ्यांनी खाली उतरली. उगवतीच्या अंगाला जिथून मनगटाएवढी धार यायची, तिथे आता पांढरं कवच धरलं होतं. संग्रामने पहार घातली, कवच फुटलं आणि धार उसळून दोघांच्या तोंडावर आली.

"चौथ्यांदा फोडतोय," तो म्हणाला. "आठ दिसांत परत मिटतंय."

रेश्माने त्या पांढऱ्या टवक्याला हात लावला. हा दगड ती रोज वर बघत होती.

"दादा, हे सरांना सांगायला पायजे."

"सांग. पर हंगाम हूं दे. गावाचा ऊस तोडून पडलाय माझ्या दारात. आता विहिरीला कुलूप पडलं तर लोक मला जित्ता ठेवतील का? आन् तुला? सरकारी माल घरी नेला म्हणून आत घालतील." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "चार म्हैन्यांचा तर प्रश्न हाय. मी फोडत राहतो."

देवस्थळी त्याच आठवड्यात तपासणीला आले. साठीकडे झुकलेला, काडी पहिलवान अंगाचा माणूस. पट्टीवर अनवाणी चालायचा, म्हणजे पायाला खडा कळतो. पण या वेळी त्यांचं पट्टीकडे ध्यान नव्हतं. क्वार्टरच्या पायरीवर चहाचा कप धरून ते खालच्या खोऱ्याकडे बघत राहिले.

"रेश्माताई, येताना घाटातल्या झऱ्याचं पाणी भरून घेतलं. त्यात आपले जंतू आहेत. झोपलेले नाहीत, चांगले जागे आहेत."

रेश्माने चहाचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"तुम्हाला सांगतो, मला याचीच भीती होती. आपला हा डोंगर म्हणजे काही मातीचा ढीग नाही की कुठूनही पाणी जिरलं आणि कुठूनही आलं. काळ्या दगडाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहतं त्याच्या भेगांत. झरा म्हणजे भेग, विहिरीचा पाझर म्हणजे भेग. अख्खं खोरं त्या भेगांवर जगतंय. आणि आपल्या जंतूंना पट्टीचा तडा कोणता आणि झऱ्याची भेग कोणती हे कळत नाही. आम्ही त्यांना तेवढंच शिकवलंय. फट दिसली की बुजव." त्यांनी कप खाली ठेवला. "इथून कोणी खाली नेलंय का? मी रागावणार नाही. एखाद-दुसरी विहीर असेल तर अजून हातात आहे. विहीर उपसायची, औषध मारायचं, आसपासची गुऱ्हाळं वर्ष-दोन वर्षं बंद ठेवायची. ज्याची विहीर असेल त्याचं नुकसान होईल, पण खोरं वाचेल."

तोंडाशी आलेलं नाव रेश्माने गिळलं. तिला दिसत होता हौदात उकिडवा बसलेला दादा, त्याच्या दारात पडलेला गावाचा ऊस, आणि खिशातला तो चिकट गुळाचा खडा. एका शब्दाने ती त्याला गावाच्या तावडीत देणार होती. तिच्याच्याने ते झालं नाही.

"न्हाई सर. इथनं थेंबभर बी बाहेर गेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

देवस्थळींनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांनाही हेच ऐकायचं होतं. "मग पावसाबरोबर पट्टीवरून वाहून गेलं असेल. तेवढं झोपेल आपोआप," म्हणाले आणि चहा संपवला. दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला, कारण दोघांनाही तो परवडत होता.

पुढच्या श्रावणात डोंगर फुटला.

वरून पाऊस डोंगराच्या अंगात शिरत होता आणि खालची बाहेर पडायची तोंडं मिटली होती. पाणी आत कोंडत गेलं, दबाव वाढत गेला आणि एका सकाळी घाटाची अख्खी बाजू चिखल होऊन सुटली. डोंगराच्या पोटात साठलेलं पाणी तासाभरात खाली वाहून गेलं आणि जाताना खोऱ्यातून बाहेर जायचा एकमेव रस्ता घेऊन गेलं. धनगरवाड्यातली मेंढरं गेली, घाटातलं चहाचं दुकान गेलं, आणि दुकानात झोपलेला म्हातारा गेला.

रेश्मा जीपच्या वाटेने धावत खाली आली. संग्रामच्या विहिरीत पाऊस चालू असतानाही पाणी नव्हतं. पूनम चुलीपुढे बसली होती.

"वहिनी, मी सांगणार हाय सरांना. आपल्या विहिरीतनं पसरलंय सगळं."

"आपल्या एकट्याच्या कुठलं वन्सं?" पूनम सहज म्हणाली. "पाटलांच्यात हाय, सुतारांच्यात हाय, वरच्या आळीला तर समद्यांच्यात. माझ्या म्हायेरी बी दिलंय मी."

"काय दिलंस?"

"इरजण."

रेश्मा तशीच घरोघर गेली. कोनाड्यात, फडताळात, देवळीत, जिथे तिथे बरण्या होत्या. कोणी त्यांवर फडकं बांधलं होतं, कोणी हळदीकुंकू वाहिलं होतं. त्यांच्या पडक्या भिंती, फुटक्या टाक्या या पाण्याने सांधल्या होत्या, मग ते त्याची निगा राखणार नाहीत तर कोणाची?

देवस्थळी हेलिकॉप्टरने आले. रेश्माने त्यांना पट्टीच्या कडेला गाठून सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. वर्षभरात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"सर, मिटलेलं उघडणारे जंतू असतील की."

"नाहीत."

"बनवता येतील न्हवं?"

"मिटवायला शिकवायला मला अकरा वर्षं लागली. उघडायचं कसं, हे आम्हाला कोणी विचारलंच नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारलं नाही. पट्टीला त्याची गरज नव्हती."

"गेल्या दिवाळीत मी सांगितलं असतं तर?"

देवस्थळींनी खोटं बोलायचा प्रयत्न करून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर तो दिसला, पण जमला नाही. "तर त्या बरण्या तेव्हाच सापडल्या असत्या," ते म्हणाले. "जमलं असतं बहुतेक." आणि ते चालते झाले. पट्टीवरून बूट घालून गेले.

देवळापुढे गावसभा भरली. आसपासच्या वाड्यांतूनही लोक आले होते. देवस्थळींनी सोप्या शब्दांत सगळं समजावलं: भेगा, पाणी, जंतू, नवीन बोअर मारली तरी आठवड्यात का मिटते ते. शेवटी पाटलांनी विचारलं, "हे खाली आणलं कुणी?"

रेश्मा उभी राहिली. तिने तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला.

"मी चोरलं."

संग्राम हात वर करून उभा होता. "भैणीची नजर चुकवून किटली भरून आणली. तिला ठावं न्हाई."

देवस्थळींनी एकदा संग्रामकडे पाहिलं, एकदा रेश्माकडे, आणि मान खाली घातली.

त्याच दुपारी लोकांनी संग्रामचं गुऱ्हाळ फोडलं. काहील उलथून टाकली, चुलवाण कुदळीने उकरलं, आबांच्या हौदावर घण घातले. हौद मात्र फुटेना, इतका तो पक्का झाला होता. घण मारणाऱ्यांत पुढे होते ते, ज्यांच्या बायका वाट्या घेऊन आल्या होत्या.

"मी सांगणार हाय गावाला," रेश्मा संग्रामच्या उंबऱ्यात उभं राहून रडत म्हणाली. "मी आणलो म्हणून."

"गप." संग्रामच्या कपाळाला खोक पडली होती. "सर काय म्हणत हुते ऐकलीस का? उन्हाळ्याला पाणी इमानातनं आणायला लागणार. ते उतरणार तुझ्या पट्टीवर. ती पट्टी तुझ्याशिवाय कुणाला कळत्या? गावाला कळलं तर ते तुला वर जिती ठेवतील का? पोरंबाळं तहानेनं मरतील. तू तुझं काम कर."

रेश्मावरची चौकशी वायुसेनेने बाजूला ठेवली. गरज पडली होती ना! बदली माणूस तयार करायला वेळ नव्हता.

माघ लागता लागता खोऱ्यातली शेवटची विहीर आटली. ज्यांना डोंगर चढून पलीकडे उतरता येत होतं ते कधीच गेले होते. उरले ते म्हातारे, लेकुरवाळ्या, गुरं सोडून जाववत नसलेले, आणि संग्रामसारखे, ज्यांना पलीकडच्या गावातही कोणी दारात उभं करणार नव्हतं. घाटात अजून दरडी कोसळत होत्या. रस्ता करायला गेलेली यंत्रं दोनदा गाडली गेली.

आणि एका सकाळी विमान आलं.

रेश्माने ते आधी ऐकलं. मग दक्षिणेच्या अंगाला ते दिसलं, बोजड, करड्या रंगाचं, पोटात पाण्याने भरलेली रबरी पोती घेऊन येणारं. इतकी वर्षं जिची राखण केली, ती घटका आली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. ती पट्टीच्या टोकाला नुसती झेंडा धरून उभी होती. चाकं टेकली, धूर निघाला, माळ हादरला आणि विमान पट्टीच्या पार टोकाला जाऊन थांबलं. जीपच्या वाटेवर सकाळपासून रांग लागली होती. घागरी, कॅन, पत्र्याचे डबे. इतकी माणसं, पण कोणी ओरडलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही.

संग्राम रांगेच्या अगदी शेवटी होता. त्याच्या आणि त्याच्या पुढच्या माणसाच्या मध्ये दोन बैलगाड्या मावतील एवढी जागा मोकळी होती. पूनम माहेरी गेली होती, परत आली नव्हती. त्याच्या एका हातात रिकामा कॅन होता आणि दुसऱ्या हातात झाकण लावलेला डबा.

विमानातून उतरलेला अधिकारी तरुण होता, मराठीच होता, सांगली भागातला. त्याने रेश्माबरोबर पट्टीवर फेरी मारली. जिथे चाकं टेकली तिथे केसासारखे तडे गेले होते.

"हे उद्यापर्यंत भरलं पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर मी उद्याचं विमान बोलावू शकत नाही. किती पाणी लागेल तुम्हाला?"

केसाएवढ्या तड्यांना एक रात्र पुरत असे. रेश्माने आकडा सांगितला. माळावरची बोअर केव्हाच मिटली होती. तिच्याकडे दाट विरजण होतं, ते पातळ करायला पाणी नव्हतं.

त्याने रांगेकडे पाहिलं. "मग पहिलं पोतं पट्टीला. उरलेलं त्यांना." आणि आवाज उतरवून म्हणाला, "दुसरा मार्ग असेल तर सांगा, ताई. खरंच सांगा."

तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

पहिल्या पोत्याला पाइप लावून रेश्माने शेडमधली टाकी भरली. काकवी हवी होती. रस्ता गेल्यापासून वर काकवी आली नव्हती, हे भरल्या टाकीपुढे उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं. ती मागे वळली तर दारात संग्राम होता. त्याने डबा पुढे केला.

"गुऱ्हाळातली शेवटची हाय. माळ्यावर ठेवली हुती, ऱ्हायली."

"दादा, तू तुझी जागा सोडून आलास रांगेतली."

"माझी जागा कोण घेतंय?"

तिने डबा टाकीत उपडा केला. घरच्या काकवीचा वास शेडभर झाला. तो वास येताच तिने टाकीचा काठ धरला. संग्रामने हात उचलला, तिच्या डोक्यापर्यंत नेला आणि बाहेरच्या लोकांनी बघू नये म्हणून परत घेतला.

"चल," तो म्हणाला. "अजून एक फेरी."

फवारणीची गाडी पट्टीवर निघाली. मागून पाण्याचा पडदा पडत गेला, काळं काँक्रीट भिजून चमकायला लागलं आणि तड्यांतून पाणी वाहत सुटलं. रांग बघत होती. पाणी इतक्या दिवसांत त्यांनी असं वाहताना पाहिलं नव्हतं. मग रांगेतून सुताराची म्हातारी निघाली, वाकत वाकत पट्टीच्या कडेला आली आणि गुडघे टेकून पदर त्या ओलीवर दाबायला लागली. पदर भिजला की ती तो तोंडात पिळत होती.

"मावशी, उठा! ते प्यायचं नाही," रेश्मा गाडी थांबवून ओरडली. म्हातारी उठेना. रेश्माने उतरून तिला काखेत हात घालून उचललं, रांगेत नेऊन उभं केलं, आणि परत येऊन म्हातारीने पदर दाबला होता ती जागा पुन्हा भिजवली. तेवढ्याने एक तडा कोरडा राहिला असता.

उरलेलं पाणी दुपार कलायच्या आत वाटून संपलं. शेवटचं पोतं पिळून काढलं तेव्हा संग्रामच्या पुढे अजून तीन बायका होत्या. त्या पाण्याशिवाय परत फिरल्या. संग्राम थोडा वेळ तिथेच थांबला, मग रिकामा कॅन आणि रिकामा डबा दोन्ही एका हातात घेऊन वाटेला लागला. वळणावर त्याने सवयीने माळाकडे बघून हात केला.

सकाळी अधिकाऱ्याने पट्टीवर अनवाणी फेरी मारली. देवस्थळींनी तसं शिकवलं होतं म्हणे. टोकापर्यंत गेला, परत आला. "एकही तडा नाही, ताई," तो म्हणाला. "अख्ख्या देशात अशी पट्टी नसेल."

रेश्माने झेंडा उचलला. दक्षिणेकडून आवाज यायला लागला होता. टाकीच्या तळाला तिने थोडं विरजण राखून ठेवलं होतं.